दोन दृश्यांमधला सांधा: ॲनिमेटेड गोष्टीतल्या ट्रान्झिशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये मोशन डिझाइनचं काम करते आणि शनिवार-रविवार शिकवतेही. विद्यार्थी, लग्नाचे व्हिडिओ जुळवणारे एडिटर, वर्गासाठी छोट्या फिल्म करणाऱ्या शिक्षिका, शेतीचं चॅनल चालवणारे तरुण असे सगळे फिरून फिरून जवळपास तेच प्रश्न पाठवतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिलेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तो परत न लिहिता त्या क्रमांकाकडे बोट दाखवलं आहे.

१. ॲनिमेशन आणि मोशन डिझाइन यांत फरक काय?

एकेक चित्र बदलत पात्राला चालवणं, बोलवणं, रडवणं म्हणजे ॲनिमेशन. मोशन डिझाइनमध्ये अक्षरं, आकार, नकाशे, चिन्हं आणि कॅमेरा हलतात. गोष्ट सांगताना दोन्ही एकत्र नांदतात. पात्र घरात कसं वावरतं हे ॲनिमेटर बघतो. ते घरातून शेतात कसं पोचलं, म्हणजे पडद्यावर एक जागा जाऊन दुसरी कशी आली, हे बहुतेक वेळा मोशन डिझाइनवाल्याच्या वाट्याला येतं. हे पान त्या दुसऱ्या कामाबद्दल, म्हणजे ट्रान्झिशनबद्दल आहे. त्यालाच मी सांधा म्हणते.

२. ट्रान्झिशन हवंच कशाला? सरळ कट मारला तर चालत नाही का?

चालतो. दहातल्या सहा-सात ठिकाणी कटच (एक दृश्य संपताच थेट दुसरं) योग्य असतो, आणि ज्याला कट मारायचं धाडस नाही त्याचं ट्रान्झिशनही सुधारत नाही असं माझं मत आहे.

मी एक साधी कसोटी वापरते. स्टोरीबोर्डच्या, म्हणजे गोष्टीच्या चित्रांतल्या आराखड्याच्या, दोन चौकटींच्या मधल्या जागेत पेन्सिलीने एक शब्द लिहायचा: ‘म्हणून’, ‘पण’, ‘तोवर’, ‘इकडे’, ‘पुढे’. ‘आणि मग’ एवढंच सुचत असेल तर कट मारून मोकळं व्हा. ‘म्हणून’ आलं तर पहिल्या दृश्यातली एखादी वस्तू किंवा आकार दुसऱ्यात घेऊन जा, कारण दुसरं दृश्य पहिल्यातून जन्मलं आहे. ‘पण’ असेल तर हालचालीची दिशा उलटवा. ‘इकडे’ म्हणजे कॅमेरा बाजूला सरकवा. ‘तोवर’ला पडदा दुभंगून दोन्ही दृश्यं क्षणभर शेजारी ठेवता येतात. शब्दच सापडत नसेल तर अडचण सांध्यात नाही, गोष्टीत आहे. आधी ती सोडवा.

गोदावरीच्या पुरावर मी पहिली फिल्म केली तेव्हा दर दृश्याला नवं ट्रान्झिशन लावलं होतं. काठावरच्या एका आजींना ती दाखवली. त्यांनी पूर डोळ्यांनी पाहिलेला. शांतपणे बघून झाल्यावर त्या म्हणाल्या, “बाळा, पाणी कधी चढलं ते कळलंच नाही.” पुराच्या गोष्टीत नेमकं तेवढंच कळायला हवं होतं. ती फिल्म मी पुन्हा केली. तिच्याबद्दल प्रश्न १७ मध्ये.

३. आफ्टर इफेक्ट्समध्ये एफ ९ दाबून ‘ईझी ईज’ लावते, तरी हालचाल यांत्रिक का दिसते?

आफ्टर इफेक्ट्स हे मोशन डिझाइनचं सॉफ्टवेअर, आणि ईझी ईज ही हालचाल हळू सुरू करून हळू थांबवणारी त्यातली तयार सोय. आकडे बघितले की कारण दिसतं. एखादी वस्तू १० फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एक स्थिर चित्र) १००० पिक्सेल सरकवायची आहे. काहीच न लावता ती दर फ्रेमला १०० सरकते. ईझी ईज लावल्यावर तिच्या जागा अशा येतात: २८, १०४, २१६, ३५२, ५००, ६४८, ७८४, ८९६, ९७२, १०००. पहिली उडी २८ ची, मधली १४८ ची, शेवटची पुन्हा २८ ची. सुरुवात आणि शेवट आरशातल्यासारखे एकसारखे. तुम्ही कांद्याची गोणी, पतंग आणि फुलपाखरू या तिघांनाही हेच लावलंत तर तिघांचं वजन एकच होतं, आणि डोळ्याला ते खोटं वाटतं.

शिफ्ट धरून एफ ३ दाबा, हालचालीचा वक्र दाखवणारा ग्राफ एडिटर उघडतो. ईझी ईजमध्ये दोन्ही टोकांचा ‘इन्फ्लुअन्स’, म्हणजे त्या टोकाच्या संथपणाचा पल्ला, ३३.३३ टक्के असतो. फेकलेल्या वस्तूसाठी सुटतानाचा १०-१५ वर आणा आणि पोचतानाचा ७५-८० करा: झपकन निघते, रेंगाळत थांबते. ट्रॉलीवर चढणाऱ्या गोणीला उलट, निघायलाच वेळ लागतो. याच्या जोडीला निघण्यापूर्वी दोन-तीन फ्रेम विरुद्ध दिशेला किंचित मागे घ्या. डिस्नेचे ॲनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली जी १२ तत्त्वं छापून मांडली त्यांत ही पूर्वतयारी आहे, आणि ती पात्राइतकीच अक्षरांना आणि चौकोनांनाही लागू पडते.

४. प्रत्येक दृश्य वेगवेगळं बघितलं की छान वाटतं, पण जोडलं की सांध्यावर झटका बसतो. काय चुकतं?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

बहुतेकांचं वेगात चुकतं. मुलगी शाळेतून पळत निघते, पुढच्या दृश्यात ती घराच्या अंगणात शिरते. तुम्ही दोन्ही दृश्यांत ईझी ईज लावलं. म्हणजे पहिल्या दृश्याच्या शेवटी तिचा वेग शून्यावर आला आणि दुसऱ्याच्या सुरुवातीलाही तो शून्यच आहे. ती नेमकी सांध्यावर थबकली. उपाय असा: पहिल्या दृश्यात हालचाल हळू सुरू करा आणि वेग सर्वांत जास्त असताना कापा. दुसरं दृश्य त्याच वेगाने सुरू होऊ द्या आणि हळूहळू स्थिरावू द्या. दोन दृश्यं मिळून एकच वक्र व्हायला हवा, त्याचा पहिला अर्धा इकडे, दुसरा अर्धा तिकडे. डोळ्यावर विसंबू नका, मोजा. पहिल्या दृश्यातली शेवटची उडी १४८ पिक्सेलची असेल तर दुसऱ्यातली पहिली १४०-१५० च्या आसपास हवी.

वेग जुळूनही खटकत असेल तर नजरेची जागा तपासा. आपले डोळे सेकंदाला तीन-चार वेळा उडी मारतात आणि त्या उडीच्या काळात जवळजवळ काही पाहत नाहीत. पहिल्या दृश्याच्या शेवटी प्रेक्षक उजव्या वरच्या कोपऱ्यात बघतोय आणि दुसऱ्यातली महत्त्वाची गोष्ट डावीकडे खाली असेल, तर तिथे नजर पोचेपर्यंत पाच-सहा फ्रेम गेलेल्या असतात. मी मुलांना पडद्यावर बोट ठेवायला लावते: जिथे बघताय तिथे बोट, मग फिल्म चालवा, सांधा आला की बोट किती हलवावं लागलं ते बघा. ते जितकं कमी हलेल तितका सांधा मऊ.

अपवाद एकच. वस्तू उजवीकडून पूर्ण बाहेर गेली असेल तर पुढच्या दृश्यात ती डावीकडून आत येते, नाहीतर ती परत फिरली असं वाटतं. इथे नजरेला पडदाभर प्रवास करावा लागतो. म्हणून बाहेर गेल्यावर दोन-तीन फ्रेम रिकाम्या सोडा.

उजेडाकडेही लक्ष द्या. अंधाऱ्या माजघरातून लख्ख पांढऱ्या आकाशावर उडी मारली की वेग, दिशा, जागा सगळं जुळूनही डोळे दिपतात. तीन-चार फ्रेम आधीपासून पहिलं दृश्य उजळत न्या.

५. ट्रान्झिशन किती फ्रेमचं असावं?

सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर कॅमेऱ्याचा झपाटा ६ ते ८, आकारातून आकार १० ते १५, एक दृश्य विरघळून दुसरं येणं २० ते ५०. या माझ्या हाताच्या सवयी आहेत, नियम समजू नका. निवेदन असेल तर वाक्य मोठ्याने म्हणा आणि श्वास जिथे घ्याल तिथे सांधा ठेवा. सगळे सांधे मात्र एकाच लांबीचे करू नका. चौथ्या वेळेला प्रेक्षक त्यांची वाट बघायला लागतो.

६. एका वस्तूतून दुसरी वस्तू होते तसल्या कल्पना सुचतात कुठून?

वस्तूंची नावं विसरून त्यांची बाह्यरेषा बघायची सवय लागली की सुचतात. लासलगावचा कांदा आडवा कापा: एकात एक वर्तुळं. गोदावरीवरच्या रामकुंडात खडा टाका: तीच वर्तुळं. येवल्याच्या मागावर पैठणी विणताना धोटा इकडून तिकडे जातो. तो पडदा ओलांडेल तसं मागचं दृश्य पुसत नवं विणता येतं. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पा मारला की उडालेल्या रंगाने अख्खी चौकट भरते, आणि भरलेल्या चौकटीमागे काहीही बदलता येतं. वारलीतला माणूस म्हणजे टोकाला टोक जुळवलेले दोन त्रिकोण. तोच त्रिकोण मोठा केला की डोंगर, खाली भिंत आली की झोपडीचं छप्पर. तारपा नाचाची गुंडाळत जाणारी रांग तर स्वतःच एक ट्रान्झिशन आहे, कॅमेरा तिच्या मध्यात शिरू द्या.

एक छोटी वही जवळ ठेवा आणि काळ्या पेनाने फक्त सावल्या काढा. महिन्याभरात वहीत जोड्या दिसायला लागतात.

पण आकार जुळला म्हणून सांधा जुळला असं होत नाही. कांद्याच्या चकतीतून रामकुंडातले तरंग दिसायला देखणे आहेत, गोष्टीत कांद्याचा आणि नदीचा संबंध नसेल तर तो नुसता जादूचा प्रयोग. कांदा रस्त्यावर ओतलेल्या शेतकऱ्याच्या डोळ्यातून पडलेला थेंब आणि त्यातून तरंग, याला ‘म्हणून’ आहे. प्रश्न २ मधला शब्द इथेही आधी लिहा.

७. आकार बदलताना मध्येच पिळवटून उलटा होतो. हे कसं थांबवू?

दोन्ही आकारांतल्या बिंदूंची संख्या आणि पहिला बिंदू जुळत नाही. त्रिकोणाला तीन बिंदू आणि झोपडीला नऊ असतील तर उरलेले सहा कुठून आणायचे हे सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने ठरवतं. त्रिकोणाच्या बाजूंवर आधीच जादा बिंदू घाला. मग दोन्हींत वरचा-मधला बिंदू निवडून ‘सेट फर्स्ट व्हर्टेक्स’ करा. बिंदू एकाच फेऱ्याने, घड्याळाच्या दिशेने किंवा उलट, काढलेले असावेत. आकाराला भोक असेल तर भोकाचा वेगळा मार्ग ठेवा.

एवढं करूनही मधले चार-पाच फ्रेम कुरूप दिसत असतील तर ते हाताने काढा. तेवढंसं चित्रकाम करायला लाजू नका.

८. मराठी अक्षरं एकेक करून आणली की काना-मात्रा सुटतात. अक्षरांचं ट्रान्झिशन करायचंच नाही का?

करायचं, पण इंग्रजीच्या प्रीसेटने, म्हणजे तयार हालचालींनी, नाही. ते प्रीसेट एका चिन्हाला एक अक्षर मानतात. आपल्याकडे ‘कि’ मध्ये वेलांटी लिहिताना क च्या आधी दिसते आणि टाइप करताना नंतर येते. जोडाक्षरात दोन-तीन चिन्हं मिळून एक आकृती होते. एकेक चिन्ह उलगडलं की शब्द मोडतो. तुमच्या आवृत्तीत टाइपच्या प्रेफरन्समध्ये टेक्स्ट इंजिन निवडता येत असेल तर आधी ते ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ आहे ना हे तपासा, मग मजकूर हलवणाऱ्या ‘ॲनिमेटर’ या सोयीत अक्षराऐवजी शब्द हे एकक निवडा. अक्षरच हवं असेल तर मजकुराचे आकार करून घ्या आणि प्रत्येक अक्षराचे तुकडे मात्रा-वेलांटीसकट स्वतः गटात बांधा.

आता मला मनापासून आवडणारी गोष्ट. आपल्या लिपीत शिरोरेषा आहे, आणि ती तयार ट्रान्झिशन आहे. शीर्षकाची अक्षरं खाली गळून जाऊ द्या, रेघ तेवढी राहू द्या. ती दोन्ही बाजूंना ताणली की क्षितिज होतं, घाटाची पायरी होते, कपडे वाळत घालायची दोरी होते. उलटंही करता येतं: द्राक्षबागेची तार दिसते आणि तिला खालून अक्षरं लटकतात. रोमन लिपीत काम करणाऱ्याला हे मिळत नाही. आपण ते वापरतच नाही याचं मला वाईट वाटतं.

९. महाराष्ट्राच्या नकाशावरून थेट रामकुंडापर्यंत झूम करायचाय. सुरुवातीला भर्रकन जातो आणि शेवटी रांगतो. इझिंग लावूनही तसंच.

सिंहस्थाचे माहितीपट करणाऱ्यांकडून हा हमखास येतो. इथे दोष इझिंगचा, म्हणजे वेग हळू वाढवण्या-घटवण्याचा, नाही, गणिताचा आहे. स्केल, म्हणजे चित्राच्या आकाराचे टक्के, १०० वरून १६०० वर चार सेकंदांत नेलं तर सरळ हिशोबाने पहिल्या सेकंदात ते ४७५ होतं, म्हणजे चित्र पावणेपाच पट मोठं झालं. शेवटच्या सेकंदात १२२५ चं १६०० होतं, म्हणजे जेमतेम १.३ पट. आपल्या डोळ्याला पट कळते, बेरीज कळत नाही. एकसारखा वेग वाटायला दर सेकंदाला दुप्पट व्हायला हवं: १००, २००, ४००, ८००, १६००. आफ्टर इफेक्ट्सच्या कीफ्रेम असिस्टंटमध्ये ‘एक्स्पोनेन्शियल स्केल’ आहे, ते हेच करतं.

झूमच्या शेवटी चित्र फाटत असेल तर एकच नकाशा ताणू नका. राज्य, जिल्हा, शहर, घाट अशी चार चित्रं एकात एक ठेवा आणि प्रत्येक योग्य क्षणी उमलू द्या.

१०. “सहा महिने गेले” हे कॅलेंडरची पानं न उडवता कसं दाखवू?

चौकट हलवू नका, आतलं बदला. निफाड-दिंडोरीकडच्या गोष्टीसाठी द्राक्षवेलीसारखं घड्याळ नाही: एप्रिलची खरड छाटणी, पावसाळ्यातली हिरवी दाटी, ऑक्टोबरची फळछाटणी, मग फुटवे, मणी, आणि जानेवारीनंतर पाणी भरलेले घड. तोच मांडव, तोच खांब, तोच कोन. वेल बदलते आणि तिच्यासोबत खांबाला टेकून उभ्या माणसाचा सदरा. शेतकरी प्रेक्षक महिना अचूक ओळखतो, इतरांना काळ गेल्याचं कळतं.

या युक्तीचं मूळ आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाशी जोडलेलं आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपत चित्रित केली आणि पहिल्या चित्रपटासाठी भांडवल मिळवताना ती लोकांना दाखवली. पुढे त्यांनी आगकाड्या सरकवत-सरकवत त्यांचाही एक चित्रपट केला. कुणाला सॉफ्टवेअरशिवाय सुरुवात करायची असेल तर तीच वाट धरा: फोन स्टँडवर घट्ट बसवा, टेबलावर काडेपेटी ओता, दर फोटोला काड्या थोड्या सरकवा आणि घराचं झाड करा. वेगाचा पहिला धडा हातालाच मिळतो.

११. ट्रान्झिशनला आवाज कसा द्यावा? प्रत्येक ठिकाणी ‘हुश्श’ टाकायचा का?

नको. पुढच्या दृश्याचा आवाज १० ते १५ फ्रेम आधी सुरू करा, एवढ्यानेच अर्धे सांधे सुधारतात. स्वयंपाकघरात आई भाकरी थापतेय आणि त्यावरच घाटावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेचा पहिला टोल पडतो. मग चित्र घाटावर जातं. कान आधी पोचलेला असतो, डोळा मागून जातो.

१२. वारली शैलीत पात्रं ‘दोनवर’ चालवली आहेत. कॅमेरा सरकला की ती घसरल्यासारखी दिसतात.

दोनवर म्हणजे एक चित्र दोन फ्रेम टिकतं. कॅमेरा मात्र दर फ्रेमला सरकतोय. त्यामुळे एक फ्रेमआड पात्र जमिनीवरून वाहत जातं. कॅमेराही दोनवर आणा. हाताने काढलेल्या चित्रांना तो शोभतो. गुळगुळीत कॅमेरा हवाच असेल तर तेवढ्या सांध्यापुरतं पात्राला दर फ्रेमला नवं चित्र द्या. तिसरा मार्ग मी जास्त वापरते: पात्र थांबतं, मग कॅमेरा निघतो.

१३. आडवा पॅन केला की उभ्या रेषा थरथरतात. मोशन ब्लर लावू का?

पॅन म्हणजे कॅमेरा बाजूला फिरवणं, मोशन ब्लर म्हणजे हलत्या वस्तूला दिलेला धूसरपणा. आधी वेग बघा. वस्तूला पडदा ओलांडायला सात सेकंद लागावेत, ही सिनेमावाल्यांची जुनी कसोटी. १९२० पिक्सेल रुंदी आणि २५ फ्रेम धरल्या तर दर फ्रेमला साधारण ११ पिक्सेल. त्याहून सावकाश पॅन शांत दिसतो. प्रश्न ५ मधला झपाटा इतका वेगवान असतो की तिथे कुणी काही वाचायला जात नाही. त्रास मधल्या वेगांना होतो, आणि तिथे ब्लर मदत करतो. शटर अँगल १८० ठेवलात तर ब्लर फ्रेमच्या अर्ध्या काळाचा होतो. वारलीसारख्या सपाट, हाताच्या चित्रांवर मात्र ब्लर लावू नका; रेषेचा जीव जातो.

फिल्म फक्त फोनवरच बघितली जाणार असेल तर ३० फ्रेमवर करा. बऱ्याच फोनचा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. ३० ची प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते, २५ ची काही दोनदा तर काही तीनदा, आणि तोच थरथराट.

१४. पैसे न भरता कशात शिकू? माझा लॅपटॉप ८ जीबीचा आहे.

ब्लेंडरचं ग्रीस पेन्सिल, ओपनटून्झ, क्रिटा. तिन्ही मोफत. लॅपटॉप हळू असेल तर अर्ध्या आकारात काम करा आणि जमलेला सांधा लगेच रेंडर करून, म्हणजे त्याचा तयार व्हिडिओ काढून, ठेवा, म्हणजे तो परत परत मोजावा लागत नाही.

१५. घरी सुंदर दिसतं, व्हॉट्सॲपवर पाठवलं की सांध्यावर चौकोन-चौकोन होतात.

पाठवताना व्हिडिओ दाबून लहान केला जातो, आणि जिथे एका फ्रेममध्ये सगळंच बदलतं तिथे त्याला सर्वांत जास्त माहिती लागते. बारीक कण, पाऊस, रंगांचे फवारे यांचे सांधे पहिल्यांदा फुटतात. अशा फिल्ममध्ये मोठे सपाट आकार वापरा किंवा फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आकाशाच्या रंगात पट्टे दिसत असतील तर हलकासा नॉइज (बारीक दाणे) घाला, पण बेताने. जास्त झाला की तोच पुन्हा चौकोन करतो.

१६. शाळेत दाखवलेली फिल्म बघून एका मुलीला गरगरलं. यात माझी चूक आहे का?

सुधारता येण्यासारखं नक्की आहे. अख्खा पडदा गोल फिरवणं, वेगाने आत-बाहेर झूम करणं आणि पुढचं-मागचं उलट दिशांना सरकवणं यांनी काही जणांना खरोखर मळमळतं, कारण डोळा हललो म्हणतो आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय नाही म्हणतं. मोठ्या पडद्यावर, पहिल्या बाकावर ते वाढतं. चौकटीत एक तरी गोष्ट स्थिर ठेवा: क्षितिज, खिडकी, शीर्षकाची रेघ. लखलखाट एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा कधीही नको, अपस्माराचा त्रास असलेल्यांना तो धोक्याचा असतो. वेबसाइटसाठी काम करत असाल तर ज्यांनी फोनमध्ये ‘हालचाल कमी करा’ निवडलंय त्यांना साधा विरघळणारा सांधा द्या.

१७. मुद्दाम खडबडीत सांधा कधी ठेवावा?

जिथे गोष्टीतल्या माणसाला सावरायला वेळ मिळालेला नसतो तिथे. त्यासाठी आधीचे सगळे सांधे मऊ असावे लागतात, नाहीतर धक्का कळत नाही.

पुराची फिल्म दुसऱ्यांदा करताना मी एकच ट्रान्झिशन ठेवलं: पाणी. नाशिककर पूर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात, कुठवर आलंय ते सांगतात आणि समोरच्याला अंदाज येतो. म्हणून दर दृश्याच्या शेवटी पाण्याची रेघ खालून चढते, चौकट झाकते आणि ओसरताना पुढचं दृश्य उघडं करते. आधी मारुतीच्या पायाशी, १२ फ्रेममध्ये. मग गुडघ्याशी, १८. कंबरेशी, २४. दर वेळी वक्र तोच, पाणी फक्त जास्त वेळ राहतं. छातीशी आल्यावर बाजारातलं दुकान दिसतं, शटर ओढणारा माणूस, त्याचा हात वर. इथे वक्र नाही, रेघ नाही, विरघळणं नाही. शटर अर्ध्यावर असताना सरळ काळोख, ४० फ्रेम, आणि त्यात फक्त पाण्याचा आवाज.

त्याच आजींना मी ती परत दाखवली. काळोख झाला तेव्हा त्यांनी खुर्चीचा हात धरला.